मोंतायू : एका डोंगरी गांवाची जबानी

फ्रान्सच्या दक्षिण सरहद्दीवर, जेथें पिरेनीज पर्वताच्या रांगा स्पेनकडे चढत जातात, तेथें आरियेझ नांवाचा एक जिल्हा आहे. त्याच्या पूर्व टोंकाला, समुद्रसपाटीपासून सुमारें ४,३०० फूट उंचीवरच्या एका पठारावर, मोंतायू हें गांव वसलेलें आहे. गांव म्हणण्यापेक्षां वाडी म्हणणेंच शोभेल. कारण आज तेथें कायमची वस्ती पन्नास माणसांचीही नाहीं. मोठ्या नकाशावर देखील तें शोधून काढण्यास डोळे ताणावे लागतात. तेथें कोणी राजा जन्मला नाहीं, कोणती निर्णायक लढाई झाली नाहीं, कोणा नामांकित चित्रकाराचें वा कवीचें तें वसतिस्थान नव्हे. असें असूनही चौदाव्या शतकाच्या आरंभीं या गांवांत कोणाचें कोणाशीं वैर होतें, कोणाच्या चुलीवर काय शिजत होतें, कोण कोणाच्या डोक्यांतील उवा काढीत बसे आणि बसल्या बसल्या काय बोले, हें आज आपणांस ठाऊक आहे. त्याच काळच्या मोठमोठ्या राजधान्यांतील सामान्य प्रजेविषयीं इतकें बारीकसारीक ज्ञान आपणांस क्वचितच असतें. हें कसें घडलें, आणि या ज्ञानाची किंमत कोणीं दिली, हें सांगावें म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम गांवाचा भूगोल पाहूं. आरियेझ आणि ओद या दोन नद्यांच्या खोऱ्यांमधील हा उंचवटा ‘पेइ दालियों’ या नांवानें ओळखला जातो. भोंवतीं डोंगर, वर पाइन व फर वृक्षांचें रान, मध्यें थोडीशी कसाऊ जमीन. हिवाळा दीर्घ आणि हिमाचा. द्राक्ष आणि ऑलिव्ह हीं दक्षिण फ्रान्सचीं दोन लाडकीं पिकें. पण इतक्या उंचीवर तीं येत नाहींत. म्हणून मोंतायूकरांस मद्य हवें असलें तर तें खालच्या मुलखांतून खेचरांच्या पाठीवर घालून आणावें लागे. गहूं, ओट, सलगम, अंबाडीसारखा धागा देणारा ताग आणि जवस हीं तेथलीं पिकें. गांवांत चाकाची गाडी नव्हती. दळण देखील गांवांत होत नसे; त्यासाठीं डोंगर उतरून आक्स या ऊन पाण्याच्या झऱ्यांच्या गांवीं जावें लागे. अशा ठिकाणीं खरी दौलत जमिनीची नव्हे, ती मेंढ्यांची. उन्हाळ्यांत कळप उंच खिंडींतल्या कुरणांवर चढत आणि हिवाळ्यांत पर्वत ओलांडून कातालोनियाच्या सखल प्रदेशांत उतरत. ज्याला आपण आडबाजूचें गांव म्हणूं त्या गांवचा मेंढपाळ अशा रीतीनें दर वर्षीं दोन राज्यांचें पाणी पीत असे.

गांवाच्या डोक्यावर फ्वाच्या काउंटचा किल्ला होता. त्याच्या उतरणीवर पायऱ्यापायऱ्यांनीं घरें होतीं, आणि सर्वांत खालीं, जरा दूर, कार्नेस येथील मातेचें, म्हणजे कुमारी मेरीचें, देऊळ. चौदाव्या शतकाच्या आरंभीं या घरांतून दोनशें ते अडीचशें माणसें राहत असावींत. आज किल्ल्याच्या कांहीं पडक्या भिंती तेवढ्या उभ्या आहेत. वस्ती उतारावरून खालीं सरकली आहे. देऊळ मात्र आहे तेथेंच आहे. प्रवाशास दाखविण्यासारखें मोंतायूंत एवढेंच: एक भग्न किल्ला, एक लहानसें देऊळ, एक स्मशान. ज्याला याहून अधिक पाहावयाचें असेल त्यानें मोंतायूस न जातां रोमला जावें. तेथें पोपच्या ग्रंथालयांत लॅटिन हस्तलिखितांपैकीं ४०३० क्रमांकाचें एक बाड आहे. खरें मोंतायू त्यांत आहे.

हें बाड तेथें कसें गेलें हें समजण्यास थोडा धर्मेतिहास सांगितला पाहिजे. बाराव्या-तेराव्या शतकांत दक्षिण फ्रान्समध्यें काथार नांवाचा एक पंथ पसरला होता. हें दृश्य जग सैतानाच्या सत्तेखालील असून आत्मा तेवढा परमेश्वराचा, असें त्यांचें द्वैती मत. त्यांचे जे दीक्षित, त्यांस लोक ‘भले पुरुष’ म्हणत. ते मांस खात नसत, विवाह करीत नसत, शपथ घेत नसत, प्राणी मारीत नसत. सामान्य भाविकांवर मात्र हे निर्बंध नव्हते. त्यांनीं भल्या पुरुषांस अन्न आणि आसरा द्यावा, आणि मरतेवेळीं त्यांच्या हातून मस्तकावर हात ठेववून दीक्षा घ्यावी, म्हणजे आत्म्याची सुटका झाली. रोमच्या धर्मसंस्थेला हें सहन होण्यासारखें नव्हतें. १२०९ पासून १२२९ पर्यंत या मुलखावर धर्मयुद्ध झालें. १२४४ मध्यें मोंसेग्यूर या डोंगरी किल्ल्याचा पाडाव होऊन दोनशेंहून अधिक काथारांस एकदम जाळण्यांत आलें. मोंसेग्यूर मोंतायूपासून सरळ रेषेंत सुमारें सात मैल. पंथ संपला असें सर्वांस वाटलें. परंतु १३०० च्या सुमारास आक्स गांवचे पियेर ओतिये आणि गियोम ओतिये हे दोघे भाऊ इटलींतील लोंबार्दीहून दीक्षा घेऊन परत आले. त्यांपैकीं पियेर हा चांगला प्रतिष्ठित नोटरी, म्हणजे दस्तऐवज लिहिणारा गृहस्थ होता. चरितार्थाचा सुस्थितींतील धंदा सोडून रात्रींबेरात्रीं डोंगरवाटांनीं हिंडणारे हे भाऊ घरोघर गेले, आणि विझलेली राख पुन्हां धुमसूं लागली. ज्या गांवांत ती सर्वांत अधिक धुमसली तें मोंतायू.

येथें मोंतायूच्या घराविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून पुढें जाववत नाहीं. तेथील भाषेंत घराला ‘ओस्ताल’ म्हणत. आपण मराठींत ‘घर बुडालें’ असें म्हणतों तेव्हां भिंती पडल्या असा अर्थ होत नाहीं. ओस्ताल शब्दाची व्याप्ति तशीच होती. भिंती, चूल, माणसें, अब्रू, दैव हें सर्व मिळून ओस्ताल. घरांत स्वयंपाकघर हें मुख्य. तेथेंच चूल, तेथेंच पाहुणा, तेथेंच खुंटीला टांगलेलें खारवलेलें डुकराचें मांस, आणि तेथेंच रात्रीं भल्या पुरुषाचें प्रवचन. छप्परें इतकीं सखल होतीं कीं त्यांवर बसून शेजारच्या छपरावरील बाईशीं गप्पा मारतां येत. एकमेकांच्या उवा काढणें हा तेथें जिव्हाळ्याचा व्यवहार होता. आई मुलाच्या काढी, सून सासूच्या काढी, प्रियकराच्या डोक्यावरून प्रेयसीचा हात फिरे. आणि धर्माच्या मोठमोठ्या गोष्टी या हातांच्या चाळ्याबरोबरच बोलल्या जात. पाखंडाचा प्रसार मठांतून वा व्यासपीठावरून झाला अशी ज्यांची समजूत असेल त्यांनीं हें लक्षांत घ्यावें.

गांवांतील सर्वांत बलाढ्य ओस्ताल क्लेर्ग कुटुंबाचें. या घरचा म्हातारा पोंस क्लेर्ग वारला तेव्हां त्याच्या प्रेताचे थोडे केस व नखें कापून ठेवण्यांत आलीं. हेतु असा कीं घराचें दैव त्याच्याबरोबर जाऊं नये. याच म्हाताऱ्याचा एक मुलगा बेर्नार हा काउंटचा गांवकामगार, आणि दुसरा मुलगा पियेर हा गांवचा धर्मोपदेशक. म्हणजे सरकारचा वसूल एका भावाच्या हातीं आणि लोकांची पापें दुसऱ्याच्या कानीं. त्यांतून हा उपाध्याय आंतून काथारांचा पाठीराखा! दिवसा मास म्हणावें, रात्रीं पाखंड्यांस आसरा द्यावा, आणि मधल्या वेळांत गांवच्या स्त्रियांस वश करावें, असा त्याचा क्रम होता. त्याची आई मेंगार्द ही पाखंड्यांची मैत्रीण म्हणून सर्वांस माहीत. तरी तिला त्यानें कार्नेसच्या मातेच्या वेदीखालीं पुरविलें. पुढें कार्कासोनच्या इन्क्विझिशनशीं, म्हणजे पाखंडाचा तपास करणाऱ्या धर्मन्यायालयाशीं, त्यानें संधान बांधलें. शत्रूंचीं नांवें तेथें कळवावींत आणि मित्रांचीं झांकावींत, इतका हा सोपा राजकारभार होता. १३०८ मध्यें त्या न्यायालयानें गांवच्या साऱ्या प्रौढ स्त्रीपुरुषांस एकदम कैद केलें. तरी क्लेर्ग घराण्याचें वजन टिकून राहिलें. याच घराण्याविरुद्ध बोललेल्या मेंगार्द मोर्स नांवाच्या एका बाईची जीभ कापण्यांत आली होती. गांवकीच्या भांडणांत धर्म शिरला म्हणजे काय होतें, किंवा खरें म्हणजे धर्माच्या भांडणांत गांवकी शिरली म्हणजे काय होतें, हें पाहण्यास मोंतायूसारखें स्थळ नाहीं.

अशा स्थितींत १३१७ मध्यें पामिये येथें झाक फुर्निए नांवाचा नवा बिशप आला. हा याच मुलखांतील साव्हेर्दूं गांवचा. ऑक्सितान ही त्याची मायबोली. सिस्तर्सियन पंथाचा साधु, विद्वान, लांच न खाणारा, आणि चिकाटीनें भयंकर. मेंढ्यांवरील दशमांशाचा कर त्यानें इतक्या कसोशीनें वसूल केला कीं भाविक लोकही मनांतून संतापले. त्याच्या न्यायालयानें १३१८ ते १३२५ या काळांत ३७० दिवस काम केलें आणि ५७८ जबान्या घेतल्या. यांतील मोठा भाग मोंतायूच्या लोकांचा. यातना देऊन कबुली घेण्याची रीत त्या काळीं सर्वमान्य होती. परंतु १३२१ मधील महारोग्यांचा एक खटला सोडला तर फुर्निएनें तिचा अवलंब केला नाहीं. त्याचें शस्त्र प्रश्न हें होतें. एकाच गोष्टीविषयीं चार साक्षीदारांस विचारावें, उत्तरें ताडून पाहावींत, विसंगति सांपडतांच पुन्हां बोलवावें, आणि मधल्या काळांत आलेमां येथील बुरुजांत कोंडून ठेवावें. अपराध्यांस बहुधा तुरुंगवास मिळे, नाहीं तर कपड्यांवर पिवळे क्रूस शिवून ते जन्मभर वागविण्याची शिक्षा. त्याच्या निकालांनीं जाळले गेले ते पांच. त्यांतला एक, गियोम फोर, मोंतायूचा.

लेखनाची पद्धति अशी होती कीं साक्षीदार आपल्या ऑक्सितान बोलींत सांगे, लेखक टिपणें घेऊन त्यांचें लॅटिन करी, मग तें पुन्हां बोलींत वाचून दाखविण्यांत येई, आणि शेवटीं चर्मपत्रावर स्वच्छ प्रत उतरे. हा बिशप पुढें कार्डिनल झाला आणि १३३४ मध्यें बारावा बेनेडिक्ट या नांवानें आव्हिन्यों येथें पोप झाला. त्याच्याबरोबर हें बाडही गेलें आणि अखेरीस व्हॅटिकनमध्यें विसांवलें. १९६५ मध्यें झाँ द्यूव्हेर्नुआ यांनीं त्याचा मूळ लॅटिन पाठ तीन खंडांत छापला, आणि १९७५ मध्यें एमान्युएल ल र्वा लादुरी या फ्रेंच इतिहासकारानें त्याच्या आधारें मोंतायूवर ग्रंथ लिहिला. इतिहासाचा ग्रंथ असूनही तो कादंबरीसारखा खपला. ल र्वा लादुरी २०२३ मध्यें निवर्तले. मीं त्यांचा ग्रंथ प्रथम विद्यार्थिदशेंत वाचला तो इंग्रजींतून. म्हणजे मेंढपाळाचें बोलणें ऑक्सितानमधून लॅटिनमध्यें, तेथून फ्रेंचमध्यें, तेथून इंग्रजींत, आणि आतां माझ्या हातून मराठींत. इतक्या चाळण्यांतून गेल्यावर मूळ धान्य किती उरलें असेल अशी शंका वाचकास येईल, तर ती रास्तच आहे.

पण खरी शंका भाषांतराची नव्हे. ती याहून खोल आहे. तुरुंगाच्या दारांत उभ्या असलेल्या माणसाचें बोलणें हें त्याचें स्वतःचें बोलणें म्हणावें काय? अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ रेनाटो रोझाल्डो यांनीं १९८६ मध्यें हाच आक्षेप घेतला. ल र्वा लादुरी यांनीं पाखंड्यांचा छळ करणाऱ्या बिशपला जणूं लोकजीवनाचा निरुपद्रवी अभ्यासक बनविलें. प्रश्न विचारणाऱ्याच्या हातीं असलेली सत्ता ते विसरले, असा त्याचा आशय. वर्गांत हा आक्षेप मी मुलांपुढें मांडतों तेव्हां चलाख मुलें लगेच म्हणतात कीं मग हें बाड निरुपयोगी. तें मला मान्य नाहीं. साक्षीदार भीतीनें बोलत होते, कांहीं खोटें बोलत होते, कांहीं सूड उगवीत होते, हें सर्व खरें. परंतु माणूस बोलूं लागला म्हणजे प्रश्नापुढें जातो. बिशपला पाखंड्यांचीं नांवें हवीं होतीं. तीं सांगतां सांगतां लोक जें जास्तीचें सांगून गेले, तेथें भीतीची पकड सैल झालेली दिसते. माझ्या मतें मोंतायूचें मोल या जास्तीच्या बोलण्यांत आहे.

एक उदाहरण देतों. सिबिय पियेर ही आर्क गांवच्या एका सधन मेंढपाळाची बायको. हें गांव मोंतायूच्या ईशान्येस ओदच्या बाजूला आहे, आणि मोंतायूचे मेंढके तिच्या नवऱ्याकडे चाकरीस असत. तिची झाकोत नांवाची एक वर्षाचीही न झालेली मुलगी आजारी पडून मरावयास टेंकली. प्राद ताव्हेर्निये नांवाच्या भल्या पुरुषानें बापाच्या इच्छेवरून त्या तान्ह्या पोरीला दीक्षा दिली. वास्तविक ज्याला समज नाहीं त्याला दीक्षा देऊं नये, असा पंथाचाच नियम. दीक्षेनंतर मांस नको, दूध नको. मेली तर ती देवदूत होईल. बाप आनंदला. दोघे पुरुष घराबाहेर पडले, आणि मग आईला राहवलें नाहीं. तिनें पोरीला पदराखालीं घेतलें. नवरा परत येऊन पाहतो तों दीक्षा मोडलेली. तो हळहळला, चिडला, आणि पुढें पुष्कळ दिवस त्यानें बायकोवर आणि त्या मुलीवर माया केली नाहीं. घरांतला एक मेंढका धन्याचें सांत्वन करीत राहिला आणि त्यानेंही आईलाच दोष दिला. मुलगी त्यानंतर वर्षभर जगली, मग वारली. बिशपला यांतून हवें होतें तें इतकेंच कीं ताव्हेर्निये कोणत्या घरीं, कोणासमोर, केव्हां आला होता. दूध पाजल्याची हकीकत त्या बाईनें इतकी खोल सांगितली ती बिशपसाठीं असेल असें मला वाटत नाहीं.

दुसरी बाई बेआत्रीस द प्लानिसोल. मोंतायूच्या किल्लेदाराची ही बायको, लहानशा सरदार घराण्यांतली. नवरा वारल्यावर उपाध्याय पियेर क्लेर्गशीं तिचा संबंध जडला. पुढें गांव सोडून गेल्यावर उतरत्या वयांत दुसऱ्या एका तरुण धर्मोपदेशकाशीं. १३२० मध्यें समन्स येतांच ती घाबरली, एकदां हजर झाली, मग पळाली आणि पकडली गेली. तिच्या गांठोड्यांत सांपडलेल्या वस्तूंची नोंद बाडांत आहे: आरसा, फडक्यांत गुंडाळलेली सुरी, धूपाचे कण, आणि नातवांच्या वाळलेल्या नाळा. नाळा कशासाठीं असें विचारतां तिनें सांगितलें कीं, एका बाटलेल्या ज्यू बाईनें तिला सांगितलें होतें कीं या जवळ असल्या म्हणजे कोर्टांतला दावा हरत नाहीं. न्यायासनासमोर हें सांगणाऱ्या त्या बाईचा दावा अर्थातच उलटला. तुरुंगांत वर्षाहून अधिक काळ काढल्यावर १३२२ मध्यें ती सुटली, अंगावर पिवळे क्रूस घेऊन. पियेर क्लेर्ग मात्र सुटला नाहीं. १३२० मध्यें बिशपनें त्यालाही धरलें. भाऊ बेर्नारनें त्याच्या सुटकेसाठीं पाण्यासारखा पैसा ओतला, परंतु लांच न खाणाऱ्या माणसापुढें त्याचा कांहीं उपयोग झाला नाहीं. दोघेही भाऊ तुरुंगांत मेले. साऱ्या गांवाचीं रहस्यें ज्याला ठाऊक होतीं त्या उपाध्यायाची स्वतःची जबानी या बाडांत नाहीं. क्लेर्ग हें आडनांव मात्र विसाव्या शतकांतही मोंतायूंत नांदत होतें.

आणि वर ज्या मेंढक्याचा उल्लेख आला तो पियेर मोरी. मोंतायूच्या एका कोष्ट्याचा हा मुलगा, सुमारें १२८२ चा जन्म. विशीच्या आंतबाहेर घर सोडून मेंढ्यांमागें गेला तो कायमचाच. त्याच्याजवळ घर नव्हतें, बायको नव्हती. चांगल्या कातड्याचे बूट मात्र तो हौसेनें घेई. कातालोनियापासून आरियेझच्या खिंडींपर्यंत त्याचे इतके दोस्त आणि मानलेले नातलग होते कीं कोठल्याही गांवीं त्याला चुलीपाशीं जागा मिळे. शेवटचा काथार दीक्षित गियोम बेलिबास्त हा स्पेनमध्यें लपून राहत होता, त्याला मोरीनें वर्षानुवर्षें पोसलें. हा ब्रह्मचारी बेलिबास्त ज्या रेमोंद नांवाच्या बाईबरोबर राही तिला दिवस गेले, तेव्हां त्यानें मोरीच्या गळ्यांत तिचें लग्न बांधलें, आणि थोड्याच दिवसांनीं तें मोडूनही टाकलें. मूल कोणाचें हें मोरीला कळत नव्हतें असें नाहीं. त्यानें तें गोड करून घेतलें.

बेलिबास्तला दगा दिला तो आर्नो सिक्र नांवाच्या इसमानें. याची आई काथार म्हणून जाळली गेली होती आणि तिचें आक्स येथील घर सरकारजमा झालें होतें. एक पाखंडी धरून दिला तर घर परत मिळेल, एवढ्यासाठीं तो स्पेनमध्यें शिरला, त्या मंडळींत मिसळला, त्यांच्याबरोबर जेवला. मोरीनें त्याला आपला मानलें. १३२१ मध्यें त्यानें बेलिबास्तला फूस लावून सरहद्दीपलीकडे आणलें. व्हिलरूज-तेर्मेनेस येथें त्याला जिवंत जाळण्यांत आलें.

मित्रांनीं मोरीला अनेकदां बजावलें होतें कीं आपल्या मुलखांत परत जाऊं नकोस, तेथें एक दिवस पकडला जाशील. त्याचें उत्तर असें कीं, आपण ज्या रीतीनें वाढलों त्याहून निराळ्या रीतीनें आपल्याला जगतां येणार नाहीं, आणि नशिबीं असेल तें सोसावेंच लागेल. तो पकडला गेला, आणि त्याची जबानी त्या बाडांतील सर्वांत लांब जबान्यांपैकीं एक झाली. खिंडी, कुरणें, कळपांची मोजणी, कोणाकडे काय जेवलों, रस्त्यांत कोण भेटलें, सर्व कांहीं त्यानें सांगितलें. १३२४ च्या ऑगस्टांत त्याला आणि त्याचा भाऊ झाँ याला कडक तुरुंगवासाची शिक्षा झाली. त्यानंतर पियेर मोरीचें नांव कोणत्याही कागदांत आढळत नाहीं.